चढतं फंक्शन आणि पायऱ्या : तुकडे क्ष-अक्षावर नको, य-अक्षावर करा

गोदातीर (परभणी)

मोनोटॉनिक (फक्त चढतं किंवा फक्त उतरतं) फंक्शन रिमान इंटिग्रेबल असतं, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ आयतांनी हवं तितकं अचूक मोजता येतं, हे प्रमेय बीएस्सीला आपल्याकडची सगळी मुलं पाठ करतात. सिद्धता चार ओळींची, मार्क हमखास. पण त्याला लागूनच एक जास्त जोरकस प्रमेय आहे आणि ते मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत सापडत नाही. सेट-नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना) बसणारी मुलं नेमकी तिथं अडखळतात, म्हणून हा धागा काढतेय.

प्रमेय असं. फ हे [अ, ब] वर चढतं फंक्शन आहे. चढतं म्हणजे क्ष वाढला तर फ(क्ष) कमी होत नाही. मधे सपाट राहिलं तरी चालेल. एप्सिलॉन कितीही छोटा घ्या, शून्याहून मोठा असला म्हणजे झालं. मग असं एक स्टेप फंक्शन (मोजक्या, म्हणजे सांत संख्येच्या, आडव्या पायऱ्यांचं फंक्शन) स मिळतं की [अ, ब] मधल्या प्रत्येक क्ष ला फ(क्ष) आणि स(क्ष) यांतला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी असतो. प्रत्येक क्ष ला, एकाच वेळी. फ संतत (आलेख कुठंही न तुटणारं) असावं अशी अट कुठंही नाही. उड्या अनंत असल्या तरी हरकत नाही.

हे सिद्ध करा म्हटलं की जवळजवळ प्रत्येक जण आधी [अ, ब] चे प सारखे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यावर डावीकडची किंमत ठेवतो आणि प वाढवत नेला की झालं, असं म्हणतो. होत नाही. [०, १] वर हे फंक्शन घ्या : क्ष हा १/√२ पेक्षा लहान असेतोवर फ = ०, तिथून पुढं फ = १. सारख्या तुकड्यांचे सांधे १/प, २/प, ३/प असे, सगळे परिमेय. १/√२ अपरिमेय. म्हणजे सांधा उडीवर कधीच बसणार नाही, उडी कुठल्या तरी तुकड्याच्या पोटातच राहणार. त्या तुकड्यावर फ ची किंमत कुठं ०, कुठं १. तिथं कोणताही एक आकडा ठेवा, दोहोंपैकी एकापासून तो निदान अर्धा तरी लांब असतो. प शंभर घ्या, लाख घ्या, चूक अर्ध्याच्या खाली उतरत नाही.

क्षेत्रफळाची चूक मात्र शून्याकडं जाते, कारण तो तुकडा अरुंद होत जातो. म्हणून इंटिग्रेबिलिटीची सिद्धता क्ष-अक्षावर तुकडे पाडूनही निभावते. उंचीची चूक तशी निभावत नाही.

आता तुकडे य-अक्षावर पाडू. फ(अ) पासून फ(ब) पर्यंतच्या उंचीचे प सारखे थर करा. एका थराची जाडी ह = (फ(ब) − फ(अ)) / प. (फ(अ) आणि फ(ब) सारखेच असतील तर फ स्थिर आहे, करायला काही उरतच नाही.) प्रत्येक थरात तळाची रेषा धरायची, माथ्याची सोडायची; फक्त सगळ्यात वरच्या थरात माथाही धरायचा, नाहीतर फ(ब) बाहेर राहील. मग खाली क्ष-अक्षावर यायचं आणि विचारायचं : कोणकोणत्या क्ष साठी फ(क्ष) क व्या थरात पडतं? त्या सगळ्या क्ष च्या संचाला ट(क) म्हणू.

सगळी गंमत आता आहे. ट(क) हा अखंड इंटरव्हल असतो. समजा उ आणि व हे दोघं ट(क) मधे आहेत आणि द त्यांच्या मधे आहे, उ < द < व. फ चढतं असल्यामुळं फ(उ) ≤ फ(द) ≤ फ(व). दोन्ही टोकं एका थरात, मग मधलाही त्याच थरात. म्हणून द सुद्धा ट(क) मधे. 'चढतं' ही अट खरी कामाला येते ती या जागी; एरवी ती लागते ती फक्त फ(क्ष) नेहमी फ(अ) आणि फ(ब) यांच्या मधे राहतं एवढ्यासाठी. परीक्षेत ही ओळ गाळू नका, खरे मार्क तिचेच.

ट(क) वर स ची किंमत त्या थराच्या तळाइतकी ठेवा. कोणताही क्ष कुठल्या तरी एका थरात असतोच, म्हणून ० ≤ फ(क्ष) − स(क्ष) ≤ ह. प एवढा मोठा घ्या की ह हा एप्सिलॉनपेक्षा लहान होईल. सिद्धता संपली. वर फुकटात मिळालेल्या दोन गोष्टी : स स्वतःही चढतं आहे, आणि ते फ च्या वर कधी जात नाही.

आकड्यांत बघायचं तर [०, १] वर क्ष चं वर्गमूळ घ्या. क्ष-अक्षाचे दहा सारखे तुकडे केले तर पहिल्याच तुकड्यावर, ० पासून ०.१ पर्यंत, फंक्शन ० वरून सुमारे ०.३१६ वर चढतं. तिथं मधला आकडा ठेवला तरी चूक ०.१५८. य-अक्षाचे दहा थर केले तर क्ष-अक्षावरचे सांधे येतात ०.०१, ०.०४, ०.०९, ०.१६ असे. जिथं फंक्शन घाईनं चढतं तिथं दाट, जिथं संथ तिथं विरळ. प्रत्येक थराची मधली उंची ठेवली तर चूक सगळीकडं ०.०५ च्या आत. तेवढीच चूक क्ष-अक्षाच्या सारख्या तुकड्यांनी हवी असेल तर तुकडे शंभर लागतात.

मराठवाड्यातल्या मुलांना हे सांगायला पावसासारखं उदाहरण नाही. १ जूनपासून आतापर्यंत पडलेला एकूण पाऊस हे वेळेचं चढतं फंक्शन. पावसानं ओढ दिली तर सपाट, पण खाली कधी येत नाही. साध्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतून मोजतात. हे झाले वेळेच्या अक्षाचे सारखे तुकडे. समजा रात्री दोन-तीन तासांत ९० मिमी कोसळला, तर साडेआठ वाजेपर्यंत नोंदवहीतला आकडा खऱ्या पावसाच्या ९० मिमी मागं. स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली दोन छोट्या वाट्या एका आसावर डुलत्या बसवलेल्या असतात. ०.२ मिमी पाऊस साचला की भरलेली वाटी कलंडते, रिकामी होते, दुसरी नरसाळ्याखाली येते आणि कलंडल्याची वेळ नोंदली जाते. हे उंचीचे थर. पाऊस झिमझिम असो की मुसळधार, नोंद ०.२ मिमीपेक्षा जास्त मागं राहत नाही. झिमझिमीत वाटी तासाला एखाद्या वेळी कलंडेल, मुसळधारेत मिनिटाला कितीतरी वेळा.

या सिद्धतेतून पुढं बरंच काही निघतं. ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घाला, ज्यांना अडतंय त्यांनी बिनधास्त विचारा.

मांजराकाठ (लातूर)

मॅडम, मी सेटचा अभ्यास करायलो. सिद्धता वाचली, पटली, पण दोन ठिकाणी गाडी अडायली.

एक, फ नं एकदम मोठी उडी मारली आणि मधला एखादा थर पूर्णच ओलांडला तर? त्या थराचा ट(क) कुठून आणायचा? दोन, ट(क) मधे एकच बिंदू आला तर तो इंटरव्हल धरायचा का? आमच्या नोट्समधे स्टेप फंक्शनची व्याख्या [च, छ) अशा अर्ध्या उघड्या इंटरव्हलवरच दिलीय.

गोदातीर (परभणी)

पहिली शंका सोपी. तो ट(क) रिकामा राहतो आणि रिकाम्या संचावर किंमत ठरवायची गरजच नाही. त्या थराची पायरी गाळायची. म्हणून पायऱ्या जास्तीत जास्त प, कमी असू शकतात.

दुसरी शंका महत्त्वाची आहे, आणि व्याख्या तुमच्या नोट्ससारखी असेल तर प्रमेय चक्क खोटं ठरतं. बघा : क्ष ≤ १/२ असताना फ = ०, त्यानंतर १. म्हणजे १/२ वर किंमत ०, आणि त्याच्या लगेच उजवीकडं १. [च, छ) प्रकारचं स्टेप फंक्शन प्रत्येक बिंदूपासून उजवीकडं थोडं अंतर तरी स्थिर असतं. मग १/२ वर जो आकडा तोच उजवीकडं, आणि चूक निदान अर्धी. म्हणून व्याख्या अशी घ्या : [अ, ब] वर मोजके सांधे, दोन सांध्यांमधल्या उघड्या इंटरव्हलवर फंक्शन स्थिर, आणि खुद्द सांध्यावर किंमत काहीही. मग एका बिंदूचा ट(क) सुद्धा बसतो. उत्तरपत्रिकेत पहिल्या ओळीत व्याख्या लिहून टाका, तपासणाऱ्याला शंका राहत नाही.

खडू_फळा (नांदेड)

मॅडम, धागा वाचून निवृत्तीनंतर पुन्हा फळ्यापाशी उभं राहावंसं वाटलं. दोन गोष्टी जोडतो.

पहिली क्षेत्रफळाची. स आणि स + ह ही दोन्ही स्टेप फंक्शनं आहेत, फ त्यांच्या मधे अडकलंय. दोघांच्या क्षेत्रफळांतला फरक ह × (ब − अ), म्हणजे (फ(ब) − फ(अ)) × (ब − अ) / प. इंटिग्रेबिलिटी एका ओळीत. आता क्ष-अक्षाचे प सारखे तुकडे घेऊन वरच्या आणि खालच्या बेरजांतला फरक काढा. प्रत्येक तुकड्याची रुंदी (ब − अ)/प, आणि सगळ्या तुकड्यांवरच्या चढांची बेरीज फ(ब) − फ(अ). गुणाकार तोच! क्षेत्रफळाच्या हिशेबात दोन्ही रीती अगदी सारख्या ठरतात, उंचीच्या हिशेबात एक जिंकते. हा फरक मुलांना शेजारी शेजारी मांडून दाखवला पाहिजे.

क्षेत्रफळाचा हा हिशेब न्यूटननं १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच, दुसऱ्या लेमात (साहाय्यक प्रमेयात) केलेला आहे. वक्राच्या आतले आयत आणि बाहेरचे आयत यांतला फरक म्हणजे छोट्या आयतांची एक तिरकी रांग. ते सगळे आयत आडवे सरकवून एकाच खांबात रचले की पूर्ण उंचीचा एक आयत भरतो. खांबाची रुंदी कमी करत नेली की फरक नाहीसा. रिमाननं इंटिग्रलची व्याख्या १८५४ साली मांडली, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी चढत्या वक्रासाठी हे काम होऊन गेलं होतं. फळ्यावर ती आकृती काढा, आयत रंगीत खडूनं भरा आणि एकेक सरकवून दाखवा. वेगळी सिद्धता सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट. चढत्या फंक्शनच्या उड्या काउंटेबल (पहिली, दुसरी, तिसरी अशा रांगेत लावता येण्याजोग्या) असतात, हे प्रमेय मॅडमच्या प्रमेयातून आपोआप बाहेर पडतं. फ आणि स यांतला फरक सगळीकडं एप्सिलॉनपेक्षा कमी आहे. सांधा सोडून कोणताही बिंदू घ्या, त्याच्या आसपास स स्थिर असतं, म्हणून फ तिथं दोन एप्सिलॉनपेक्षा मोठी उडी मारूच शकत नाही. म्हणजे दोन एप्सिलॉनपेक्षा मोठ्या सगळ्या उड्या स च्या मोजक्या सांध्यांवरच. आता एप्सिलॉन १/२, १/४, १/८ असा घेत चला. प्रत्येक वेळी मोजकेच बिंदू. फ ची कोणतीही उडी यांतल्या कुठल्या तरी यादीत येणारच. मोजक्या बिंदूंच्या यादीमागून यादी, म्हणून एकूण काउंटेबल.

यात 'चढतं' ही अट थेट वापरलीच नाही, फक्त स्टेप फंक्शन युनिफॉर्मली (सगळ्या क्ष ना एकाच वेळी) जवळ आहे एवढंच वापरलं. म्हणून ज्याच्या ज्याच्या युनिफॉर्म जवळ पायऱ्या जाऊ शकतात त्या प्रत्येक फंक्शनला हे लागू.

मांजराकाठ (लातूर)

सर, नमस्कार. उड्या काउंटेबल असतात हे माहीत होतं, पण प्रत्येक परिमेय बिंदूवर उडी असलेलं चढतं फंक्शन नोट्समधे दिलंय, त्याचा आलेखच डोळ्यांपुढं येईना. तिथं तर उडी नाही असा एकही इंटरव्हल नाही. मग पायरी सपाट कशी बसणार?

खडू_फळा (नांदेड)

आलेख काढायला जाऊ नकोस बाळा, हिशेब कर. [०, १] मधले परिमेय आकडे एका रांगेत लावले : पहिला, दुसरा, तिसरा असे. पहिल्यावर १/२ ची उडी, दुसऱ्यावर १/४ ची, तिसऱ्यावर १/८ ची. क्ष पर्यंत जेवढे परिमेय येऊन गेले त्यांच्या उड्यांची बेरीज म्हणजे फ(क्ष). ० हे टोक सोडून प्रत्येक परिमेयावर हे तुटतं, प्रत्येक अपरिमेयावर संतत असतं.

आता रांगेतल्या फक्त पहिल्या दहांच्या उड्या ठेव, बाकी सगळ्या पुसून टाक. उरलं ते दहा सांध्यांचं स्टेप फंक्शन. पुसलेल्या उड्यांची एकूण बेरीज किती? १/२०४८ + १/४०९६ + ... म्हणजे १/१०२४. म्हणून कोणत्याही क्ष ला चूक १/१०२४ पेक्षा जास्त नाही. उड्या सगळीकडं आहेत हे खरं, पण मोठ्या उड्या मोजक्याच आहेत. मोठ्या उड्यांपाशी सांधा ठेवायचा आणि लहानांची एकत्रित उंची एप्सिलॉनच्या आत बसते, एवढंच हवं असतं.

हिंगोलीकर

फंक्शन चढतं नसेल तर काय? साइन (१/क्ष) ला पायऱ्या लागतात का?

गोदातीर (परभणी)

नाही लागत. (०, १] वर फ = साइन (१/क्ष) आणि ० वर फ = ० घ्या. कोणतंही स्टेप फंक्शन ० च्या उजवीकडं पहिल्या सांध्यापर्यंत स्थिर असतं. पण त्या इंटरव्हलमधे, तो कितीही छोटा असो, साइन (१/क्ष) अनंत वेळा १ ला जाऊन −१ ला येतं. एकाच आकड्यानं दोघांनाही गाठायचं, तर चूक निदान १. थरांच्या भाषेत सांगायचं तर ट(क) चे अनंत तुकडे पडतात, इंटरव्हल होतच नाही.

मग नेमक्या कोणत्या फंक्शनना पायऱ्या लागतात? [अ, ब] मधल्या प्रत्येक बिंदूपाशी डावीकडची आणि उजवीकडची लिमिट अस्तित्वात हवी. (टोकांशी अर्थातच एकाच बाजूची.) अट एवढीच, आणि ती पुरेशीही आहे. अशांना रेग्युलेटेड फंक्शन म्हणतात. चढत्या फंक्शनला या लिमिट नेहमीच असतात. संतत फंक्शनही यात येतं, पण तिथं सिद्धतेचा रस्ता दुसरा : बंद इंटरव्हलवर संतत म्हणजे युनिफॉर्मली संतत, आणि मग क्ष-अक्षाचे सारखे तुकडेही चालतात.

थरांचीच कल्पना लेबेगनं १९०१-०२ मधे पुढं नेली. ट(क) इंटरव्हल नसला तरी हरकत नाही, त्याची 'लांबी' मोजता आली म्हणजे झालं, असं म्हणून त्यानं मेझर थिअरीवर इंटिग्रल उभं केलं. एमएस्सीला सिम्पल फंक्शन शिकताना मुलं घाबरतात. चढत्या फंक्शनचे थर आधी हातानं पाडलेले असतील तर त्या धड्यात नवीन गोष्ट एकच उरते, लांबीच्या जागी मेझर.

बालाघाट (बीड)

मी सिंचनाच्या कामातला माणूस, गणित डिप्लोमापुरतं. पर्जन्यमापकाचं वाचून राहवलं नाही. मॅडम, एक गोष्ट नोंदवून ठेवा. फार जोराच्या पावसात कलंडणाऱ्या वाटीचं माप कमी भरतं. वाटी कलंडायला जो क्षणभर वेळ लागतो त्यात वरून पडणारं पाणी आधीच भरलेल्या वाटीतच जातं आणि मोजलं जात नाही. म्हणून तीव्र पावसाच्या आकड्यांना दुरुस्ती लावावी लागते. ०.२ मिमीची हमी आदर्श यंत्राची आहे.

आता माझा प्रश्न. पाऊस चढता आहे हे ठीक. धरणाचा साठा मात्र चढतो आणि उतरतोही. जायकवाडीचा जिवंत साठा पावसाळ्यात वर जातो, कालवे सुटले आणि ऊन तापलं की खाली. याला तुमचं प्रमेय लागू नाही ना?

गोदातीर (परभणी)

भाऊ, वाटीची माहिती मोलाची आहे, वर्गात नक्की सांगेन. प्रमेयातली चूक शून्य ते ह मधेच राहते, यंत्राची चूक वेगळी आणि तिची जबाबदारी प्रमेयावर नाही.

साठ्यालाही लागू आहे. १ जूनपासून धरणात आलेलं एकूण पाणी हे चढतं फंक्शन. १ जूनपासून बाहेर गेलेलं एकूण पाणी, म्हणजे कालवे, दरवाजे आणि बाष्पीभवन मिळून, हेही चढतं. साठा = सुरुवातीचा साठा + आलेलं − गेलेलं. दोन्हींना स्वतंत्रपणे ह जाडीचे थर लावा. दोन्हींकडं चूक ० ते ह मधे, म्हणून वजाबाकीतली चूक −ह ते ह मधे. जायकवाडीचा जिवंत साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर). थराची जाडी २१.७१ दलघमी ठेवली, तर पायऱ्यांवरून काढलेला साठा खऱ्या साठ्यापासून, जिवंत साठ्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त कधीच सरकणार नाही.

गणितात याला बाउंडेड व्हेरिएशन म्हणतात. एकूण चढ-उताराची बेरीज मर्यादित असलेलं कोणतंही फंक्शन दोन चढत्या फंक्शनांची वजाबाकी म्हणून लिहिता येतं, हे जॉर्डननं १८८१ साली दाखवलं. उलटंही खरं : दोन चढत्यांची वजाबाकी नेहमी बाउंडेड व्हेरिएशनची असते. तुम्ही आवक-जावक वेगळी लिहिता तेव्हा जॉर्डनचीच मांडणी करत असता.

मांजराकाठ (लातूर)

मग पायऱ्या लागणारी सगळी फंक्शनं बाउंडेड व्हेरिएशनची असतात असं म्हणता येईल का? जुन्या पेपरात असा खरं-खोटंचा प्रश्न बघितला होता.

खडू_फळा (नांदेड)

खोटं. क्ष × साइन (१/क्ष), ० वर किंमत ०. [०, १] वर संतत, म्हणून पायऱ्या लागतात. पण ० जवळच्या चढ-उतारांच्या उंच्या १/३, १/५, १/७ अशा मालिकेच्या प्रमाणात जातात आणि त्यांची बेरीज अनंत. व्हेरिएशन बाउंडेड नाही.

सरासरी_विचलन (छत्रपती संभाजीनगर)

मी संख्याशास्त्र शिकवते. आमच्या विषयातलं एक मोठं प्रमेय याच थरांवर उभं आहे आणि त्याचा उल्लेख इथं व्हायलाच हवा.

वितरण फंक्शन म्हणजे क्ष किंवा त्याहून लहान किंमत येण्याची शक्यता. ते ० पासून १ पर्यंत चढतं असतं. नमुन्यात न निरीक्षणं घेतली की त्यांच्यावरून एक स्टेप फंक्शन बनतं : प्रत्येक निरीक्षणावर १/न ची उडी. प्रश्न असा, की न वाढवत नेला तर हे स्टेप फंक्शन खऱ्या वितरणाच्या सगळीकडं एकाच वेळी जवळ जातं का? ग्लिवेंको आणि कँटेली यांनी १९३३ मधे सिद्ध केलं की हो, शक्यता १ नं जातं.

एका ठरलेल्या क्ष साठी हे मोठ्या संख्यांच्या नियमातून (निरीक्षणं वाढत गेली की नमुन्यातलं प्रमाण खऱ्या शक्यतेकडं जातं) लगेच मिळतं. अडचण अशी की क्ष अनंत आहेत, अगदी अनकाउंटेबल. उपाय गोदातीर यांनी सांगितला तोच. ० ते १ या उंचीचे थर पाडा, थरांच्या सीमेवरचे मोजके क्ष निवडा. त्या मोजक्या बिंदूंवर नियम लावा. बिंदूवरची किंमत आणि बिंदूच्या डावीकडची लिमिट, दोन्हींसाठी लावायचा. मधल्या सगळ्या क्ष ना दोन्ही बाजूंनी चढतेपणा दाबून धरतो. आणि हे पूर्ण वास्तव रेषेवर चालतं, [अ, ब] ची गरज नाही, कारण थर उंचीचे आहेत आणि उंची ० ते १ मधेच आहे. क्ष-अक्षाचे सारखे तुकडे पाडायला गेलात तर पूर्ण रेषेला मोजके तुकडे पुरणारच नाहीत.

हिंगोलीकर

पायऱ्या कमीत कमी किती लागतील याला काही सूत्र?

गोदातीर (परभणी)

फ संतत असेल तर आहे. समजा वेगवेगळ्या प उंच्यांच्या पायऱ्या वापरून चूक च पर्यंत आणली. प्रत्येक पायरी आपल्या वर च आणि खाली च, एवढ्याच उंच्या सांभाळू शकते, म्हणजे २ × च लांबीचा पट्टा. संतत फ हे फ(अ) पासून फ(ब) पर्यंतची प्रत्येक उंची घेतं, म्हणून प पट्ट्यांनी ती सगळी झाकली पाहिजे : २ × प × च ≥ फ(ब) − फ(अ). यापेक्षा कमी चूक अशक्य, आणि थराची मधली उंची ठेवली की नेमकी तेवढीच येते. म्हणजे थरांची रीत सगळ्यात काटकसरीची. उड्या असतील तर उडीत सुटलेल्या उंच्या झाकाव्या लागत नाहीत, त्याहूनही कमी पायऱ्यांत भागू शकतं.

मांजराकाठ, आता तुमच्यासाठी एक प्रश्न. ग(न, क्ष) ही [अ, ब] वरची चढती फंक्शनं. न वाढत गेला की प्रत्येक क्ष ला ती फ(क्ष) कडं जातात, आणि फ संतत आहे. कन्व्हर्जन्स (हे जवळ जाणं) युनिफॉर्म आहे हे दाखवा.

मांजराकाठ (लातूर)

मॅडम, करून बघितलं. फ सुद्धा चढतंच येतं. फ च्या उंचीचे एप्सिलॉनपेक्षा बारीक थर पाडले. फ संतत आहे म्हणून थरांची प्रत्येक रेषा कुठल्या तरी बिंदूवर गाठली जाते. दोन्ही टोकं धरून असे मोजके बिंदू निवडले. शेजारच्या दोन बिंदूंवर फ चा फरक एप्सिलॉनच्या आत. बिंदू मोजके, म्हणून न पुरेसा मोठा घेतला की त्या सगळ्यांवर ग आणि फ यांतला फरकही एप्सिलॉनच्या आत.

आता मधला कोणताही क्ष, त्याच्या डावीकडचा निवडलेला बिंदू ड आणि उजवीकडचा ज. ग(न, क्ष) ≤ ग(न, ज) < फ(ज) + एप्सिलॉन ≤ फ(क्ष) + २ एप्सिलॉन. तसंच ड कडून खालची बाजू, ग(न, क्ष) > फ(क्ष) − २ एप्सिलॉन. न हा क्ष वर अवलंबून नाही, म्हणून युनिफॉर्म.

पण फ संतत नसेल तर हे चालंना. [०, १] वर क्ष चा न वा घात घेतला. सगळी फंक्शनं चढती, लिमिट १ च्या आधी ० आणि १ वर १. कन्व्हर्जन्स युनिफॉर्म नाही. सिद्धता नेमकी कुठं तुटली?

गोदातीर (परभणी)

सिद्धता अचूक आहे. तुटते ती 'थरांची प्रत्येक रेषा कुठल्या तरी बिंदूवर गाठली जाते' या ओळीवर. इथं फ ० वरून थेट १ वर उडतं, मधल्या एकाही रेषेवर बिंदू नाही.

आता सरासरी_विचलन यांनी सांगितलेली डावीकडची लिमिट आठवा. उडी असली की निवडलेल्या बिंदूंवर किंमतीबरोबर डावीकडची लिमिटही फ च्या डावीकडच्या लिमिटकडं जायला हवी. क्ष च्या न व्या घाताची १ पाशी डावीकडची लिमिट प्रत्येक न ला १ च आहे, फ ची मात्र ०. ती अट इथं मोडते. ग्लिवेंको-कँटेलीत ती मोडत नाही, कारण 'क्ष पेक्षा काटेकोर लहान' निरीक्षणांच्या प्रमाणालाही मोठ्या संख्यांचा नियम तसाच लागू पडतो.